आरसे दिसावेत म्हणून

डेपोत त्यांना सगळे ‘पाळणा’ म्हणत. तोंडावर नाही, पाठीमागे. पण त्यांना ते ठाऊक होतं, आणि मनातून आवडतही असावं. त्यांच्या बसमध्ये रडकं मूल चढलं की दोन थांब्यांच्या आत मान टाकायचं. सकाळच्या गाडीला नोकरीवर निघालेली मोठी माणसंसुद्धा अशी गाढ झोपायची की शेवटच्या थांब्यावर मला प्रत्येकाच्या खांद्याला हात लावून उठवावं लागायचं.

ते ड्रायव्हर, मी त्यांच्या गाडीवर कंडक्टर. वर्षानुवर्षं आम्ही एकाच मार्गावर होतो. मी त्यांना दादा म्हणायची आणि ते मला ताई. कोण थोरलं, कोण धाकटं, याच्या खोलात कुणी शिरलं नाही. दुसऱ्या ड्रायव्हरांच्या गाडीवर मी एका हाताने दांडा धरून दुसऱ्या हाताने तिकीट फाडायची. दादांच्या गाडीवर दोन्ही हात मोकळे. ब्रेक कधी लागला ते कळायचंच नाही, बाहेरची झाडं थांबली की समजायचं, थांबा आला.

आमचं भांडण व्हायचं ते एकाच गोष्टीवरून. मी डबल बेल दिली तरी गाडी हलायची नाही. मी पुन्हा बेल द्यायची. पुढून आवाज यायचा, “आजोबा बसले नाहीत अजून.” आणि खरंच, मागे कुठेतरी एक म्हातारा पिशवी सांभाळत जागा शोधत असायचा. मी गाडीत उभी असून मला दिसलेला नसायचा, यांना आरशात दिसलेला असायचा. ते म्हणायचे, “पुढचं काय, सगळ्यांनाच दिसतं. गाडी आरशात बघून चालवायची असते.” दादांची बायको, म्हणजे आमच्या वहिनी, घरी पडदे शिवायच्या. त्यांच्या कापणातले मऊ तुकडे दादांच्या खिशात असायचे. धुणाऱ्यांनी गाडी कितीही स्वच्छ धुतलेली असो, सुटण्याआधी दादा खाली उतरून सगळे आरसे स्वतःच्या हाताने पुसायचे.

पहिली फिट आली ती शेवटच्या थांब्यावर, दुपारची. प्रवासी उतरून गेले होते. मी मागच्या सीटवर बसून तिकिटं जुळवत होते आणि त्यांना काहीतरी विचारलं. उत्तर नाही. वर बघितलं तर ते समोरच्या काचेकडे टक लावून बसलेले, तोंड काहीतरी चघळल्यासारखं हलत होतं. मग सगळं अंग ताठ झालं आणि ते सीट आणि दाराच्या मधल्या सापटीत घसरले. मी धावले, माझी चामड्याची पिशवी त्यांच्या डोक्याखाली सारली आणि खिडकीतून लोकांना हाका मारल्या. इंजिन बंद होतं. पुढे कित्येक दिवस, कुणी काही विचारलं की मी तेवढंच सांगायची. इंजिन बंद होतं हो.

दुसरी फिट घरी आली, न्हाणीघरात. बादलीच्या काठावर आपटून कपाळ फुटलं. मग मोठ्या डॉक्टरांकडे नेलं, डोक्याला तारा लावून तपासण्या झाल्या. त्या खोलीत काय झालं ते मला वहिनींनी सांगितलं. डॉक्टर भला माणूस. कागद बाजूला ठेवून दादांकडे बघत तो म्हणाला, “आता गाडी चालवायची नाही. बस नाही, मोटार नाही, काहीच नाही.”

आपल्या भाषेत हा ‘आता’ मोठा लबाड शब्द आहे. ‘आता येतो’ म्हणून गेलेला माणूस संध्याकाळपर्यंत उगवत नाही, आणि ‘आता पुरे’ म्हटलं की ते कायमचं असतं. वहिनींनी ऐकला तो दुसरा आता. दादांनी पहिला. दवाखान्याच्या पायऱ्या उतरतानाच ते म्हणाले, “आता नको म्हणालेत. औषध लागू पडलं की बघू.” वहिनींनी जिना संपेपर्यंत त्यांच्याकडे बघितलं नाही.

डेपोने त्यांना काढलं नाही, हे चांगलं केलं. हरवलेल्या वस्तूंच्या खिडकीत बसवलं. तिथे छत्र्याच छत्र्या. शिवाय एकेकटे बूट, डबे, चष्मे, एकदा तर कुणाची तरी अख्खी कवळी. दादा म्हणाले, माणूस दात विसरून घरी जातो आणि जेवायला बसेपर्यंत त्याला पत्ता नसतो. असं काहीबाही बोलायचे, पण बोलून झालं की चेहरा मिटून घ्यायचे. कामावर जाताना-येताना पायी. बसने का जात नाही विचारलं तर म्हणायचे, पाय मोकळे होतात.

माझ्या गाडीवर नवा ड्रायव्हर आला. चांगला मुलगा, पण ब्रेक असा मारायचा की प्रवासी बटाट्यासारखे पुढे गडगडायचे. मी पुन्हा दांडा धरायला शिकले.

त्यांची एकच मुलगी. ती दुसऱ्या गावी दात बनवणाऱ्या प्रयोगशाळेत कामाला होती. दातांच्या डॉक्टरांनी मापं पाठवायची आणि हिने टोप्या, कवळ्या घडवायच्या. रजेवर आली तेव्हा तिने पाहिलं, बाबा टीव्हीसमोर बसलेत, डोळे पडद्यावर, आणि उजवा पाय फरशी दाबतोय. सोडतोय, पुन्हा दाबतोय. तिने आईला खुणेने दाखवलं. वहिनी म्हणाल्या, “रोजचंच आहे.”

पुढच्या खेपेला ती एक भलंमोठं खोकं घेऊन आली. तिच्याबरोबर काम करणारा कुणीतरी खेळायचा कॉम्प्युटर विकत होता, तो तिने घेतला होता. कंपनीने जुळवूनच विकलेला, वायरी खुपसल्या की चालू. काळी पेटी, आणि तिच्या पोटात रंगीत दिवे, वरातीला निघाल्यासारखे. सोबत स्टेअरिंग आणि पायाखालचे पेडल. आणि त्यात एक खेळ, बस चालवायचा.

वहिनींनी आधी डॉक्टरांना फोन केला. लुकलुकणाऱ्या पडद्याने काही झालं तर? डॉक्टर म्हणाले, डोळ्यांसमोर दिवा लुकलुकवून तपासणी केली होती, यांची फिट त्यातली नाही. मधूनमधून उठायचं, झोप पूर्ण घ्यायची, गोळी चुकवायची नाही. मगच वहिनींनी पडदे कापायच्या टेबलाचा अर्धा भाग मोकळा करून दिला. म्हणाल्या, “अर्धं टेबल माझं. हद्द ओलांडलीत तर कात्री माझ्या हातात आहे.”

मला वाटलं होतं, दादा हसतील आणि सोडून देतील. पहिल्या संध्याकाळी मी गेले तर ते बूट घालून बसले होते. चपलेत पेडल कळत नाही म्हणे. खुर्चीची उंची त्यांनी खाली पाट सरकवून जमवली होती. खेळातलं शहर कुठलं तरी भलतंच होतं, दुकानांवरच्या पाट्या वाचता येत नव्हत्या, माणसं काय बोलतात ते कळत नव्हतं. पण दादा प्रत्येक सिग्नलला थांबत होते, प्रत्येक वळणाला दिवा देत होते. मुलीने सांगितलं की बाबा, खेळ आहे, थोडं जोरात पळवलं तरी चालतं. दादांनी तिच्याकडे असं बघितलं की पोरगी चहा टाकायला उठली.

मग ते आमचं रोजचंच झालं. पहिल्या पाळीवरून सुटले की मी त्यांच्याकडे डोकवायची. वहिनी बाजूला बसून पडद्यांना हुक लावायच्या. मी पेल्यावर चमच्याने दोनदा वाजवायची, टिंग टिंग, आणि दादा बस काढायचे. मधेच वहिनी मान वर न करता म्हणायच्या, “पुढच्या थांब्यावर उतरायचंय हं मला, दूध आणायचंय.” आणि दादा खरोखर थांब्यावर गाडी घ्यायचे. आम्ही तिघं मोठी माणसं, केस पिकलेली. कुणी बघितलं असतं तर काय म्हटलं असतं कोण जाणे. पण त्या दिवसांत दादांचं जेवण सुधारलं. रंग परतला. डेपोतल्या गप्पा पुन्हा तोंडी आल्या.

आणि त्यांच्या बोलण्यात एक शब्द यायला लागला. सराव. “हात बसलेला राहायला हवा, ताई. सराव सुटला की संपलं.” मी मान हलवायची. कसला सराव, हे विचारायचं माझ्या जिवावर यायचं.

खोट होती ती एकच. आरसे. त्या बसला आरसे होते, पण आंधळे. राखाडी रंगाचे नुसते तुकडे. मुलीने फोनवर समजावलं की बाबा, ते मुद्दाम बंद ठेवलेत, चालू केले तर चित्र अडकतं. दादांनी चालू करून बघितले. बसला उचकी लागली. रस्ता एका जागी थिजायचा आणि मग एकदम पुढे उडी मारायचा. समोरची मोटार दिसेपर्यंत तिच्यावर आदळलेले असायचे. दादांनी इतक्या वर्षांत कुणाला खरचटूही दिलं नव्हतं; ते स्टेअरिंग सोडून बाजूला झाले, कपाळाला घाम. आरसे पुन्हा बंद केले. पण सवय कशी जाणार? थांब्यावरून निघताना त्यांची नजर प्रत्येक वेळी वर जायची, त्या राखाडी तुकड्यावर जाऊन आपटायची आणि परत यायची. ते म्हणाले, “आरशाशिवाय माणसांनी भरलेली गाडी हलवायची, हा गुन्हा आहे.”

शेवटी ते आणि वहिनी पेटी घेऊन टीव्हीवाल्याकडे गेले. मीही बरोबर होते. हा माणूस पूर्वी टीव्ही दुरुस्त करायचा; आता वर्षभरात एकही टीव्ही त्याच्याकडे येत नाही, सगळे कॉम्प्युटर येतात, पण नाव तेच चिकटलं आहे. त्याने पेटीचं झाकण उघडलं आणि आतलं एक छोटं कार्ड दाखवलं. पडद्यावरचं चित्र काढायचं काम याचं. समोरचा एक रस्ता काढता काढताच त्याच्या नाकीनऊ येतात. आणि आरसे म्हणजे त्याच वेळी आणखी तीन रस्ते काढायचे, मागचे. एका पेंटरला एकाच दमात चार भिंती रंगवायला सांगितल्यासारखं झालं ते. मोठं कार्ड बसवा, आरसे लख्ख दिसतील.

दादा म्हणाले, “बसवा मग.”

तो म्हणाला, तेवढं सोपं नाही. पेटीच्या पोटात वीज पुरवणारा जो डबा असतो, तो या कंपनीने अगदी लहान दिला होता, आणि त्याच्या वायरीही आपल्याच तऱ्हेच्या. मोठ्या कार्डाला वीज वेगळी लागते, तिच्यासाठी इथे जादा वायरच नाही. शिवाय कार्ड लांब असणार, ते पुढच्या पत्र्याला अडणार. “वहिनी, तुम्हाला कळेल,” टीव्हीवाला म्हणाला, “यांनी पेटी बेतून शिवलीये. शिवणीत माया ठेवलेली नाही. अंग वाढलं की उसवायलाच लागणार.”

वहिनींनी पर्समधून टेप काढली आणि पेटीचं माप घ्यायला बसल्या. दादा आत वाकून बघत होते, डेपोतल्या खड्ड्यात उतरून चॅसिस बघावी तसे. तिघांनी मिळून ठरवलं: पुढचा पत्रा काढायचा, विजेचा डबा बदलायचा, त्याला जोडवायर लावायची आणि मग कार्ड. कार्ड बाहेरून मागवावं लागणार होतं. बसवायचं काम दादांनी स्वतःकडे घेतलं. टीव्हीवाल्याने एका कागदाच्या कपात स्क्रू मोजून दिले आणि म्हणाला, अडलं तर फोन करा.

कार्ड येईपर्यंतचे दिवस दादा वेगळेच होते. नवी गाडी यायची असली की डेपोत जसं वातावरण असतं तसं त्यांच्या एकट्याच्या अंगात आलं होतं. असंच एका दुपारी मी त्यांच्या खिडकीपाशी गेले तर त्यांनी मला जवळ बोलावलं. आवाज खाली आणून म्हणाले की त्यांनी डेपोच्या डॉक्टरांकडे अर्ज दिला आहे. पुन्हा तपासा म्हणून. कितीतरी दिवसांत फिट आलेली नाही, गोळ्या वेळेवर चालू आहेत, आणि हातही बसलेला आहे. “कार्ड आलं की आरशांसकट सराव करतो. मग तपासणीला उभा राहतो. तुमच्या वहिनींना इतक्यात सांगू नका.”

मी संध्याकाळी वहिनींकडे गेले, दादा यायच्या आधी. मी तोंड उघडायच्या आतच त्यांनी सुई खाली ठेवली. “मला माहीत आहे, ताई,” त्या म्हणाल्या. “खाकी शर्ट काढून त्यांनी स्वतः इस्त्री केलीये. दर दोन दिवसांनी करतात. न घातलेल्या शर्टाला.” शिवणाच्या मशीनचा दिवा नुसता जळत होता.

कार्ड आलं तशी मुलगी रविवार धरून आली. दुपारी जेवणं आटपल्यावर टेबल पूर्ण रिकामं केलं, वहिनींनी त्या दिवशी आपल्या हद्दीवरचा हक्क सोडला. खाली जुना पडदा अंथरला. मुलीने सांगितलं, आधी पेटीच्या पत्र्याला हात लावा, अंगातली वीज जाऊ दे. दादांनी गंभीरपणे हात लावला. मग स्क्रू काढले. जुनं कार्ड ओढायला गेले तर निघेना, मुलगी म्हणाली, “बाबा, खालची कडी आधी दाबा.” कडी दाबली, कार्ड अलगद हातात आलं. तळहाताएवढं, एकच पंखा, पंख्यावर धूळ बसलेली. नवं कार्ड त्याच्या शेजारी ठेवलं तर आजोबांशेजारी पैलवान उभा केल्यासारखं दिसत होतं.

विजेचा डबा बदलायला वेळ लागला. वायरी ओवताना दादांचे हात किंचित थरथरत होते, औषधाचा परिणाम. मुलीने पुढे केलेला हात त्यांनी मानेनेच नको म्हणून परतवला. पत्रा काढला, कार्ड आत सरकवलं. खटकन बसलं. झाकण उघडंच ठेवून बटण दाबलं. पंखे फिरले, दिवे लागले, आणि पडदा काळा. काळाच्या काळा.

कार्ड काढून पुन्हा बसवलं. वायरी तपासल्या. काळा. दादा खुर्चीत टेकले आणि म्हणाले, बिघडवलं मी. मुलीने टीव्हीवाल्याला फोन लावला. तो जेवत होता. घास गिळून त्याने एवढंच विचारलं, पडद्याची वायर कुठे खुपसलीये? बघितलं तर ती पेटीच्या वरच्या भोकात, जिथे कार्डाचा संबंधच नाही. घाईत मीच ती तिथे लावली होती. सगळे इतके हसलो की वहिनींच्या डोळ्यांतून पाणी आलं. त्या घरातलं ते हसणं मला नीट आठवतं, कारण त्यानंतर तसं हसणं झालं नाही.

वायर खाली, कार्डाच्या भोकात लावली. चित्र आलं. मुलीने खेळ उघडला, कुठे कुठे काही खुणा केल्या, आणि म्हणाली, “बाबा, आरसे चालू केलेत.”

दादांनी गाडी लगेच काढली नाही. ते नुसते बघत राहिले. डाव्या आरशात बसचं अंग दिसत होतं, मागचं चाक, फुटपाथची कड. उजव्यात मागून येणाऱ्या मोटारी. आणि वरच्या मोठ्या आरशात आतली सगळी बस. सीटवर बसलेली माणसं. एक बाई मांडीवर पिशवी घट्ट धरून. एकजण चष्मा पुसत होता. आधी ही सगळी बिनचेहऱ्याची होती. आता प्रत्येकाला तोंड होतं.

“किती स्वच्छ,” दादा म्हणाले.

मी पेल्यावर टिंग टिंग केलं. बस निघाली. उचकी नाही, अडकणं नाही, रस्ता तेलासारखा पुढे सरकत होता. थांबा आला, एक म्हातारा काठी टेकत चढला. दादांची नजर वर गेली आणि या वेळी तिला माणूस सापडला. तो बसेपर्यंत गाडी उभी राहिली. मला इतकं बरं वाटलं म्हणून सांगू. पुढच्या थांब्यांवर माणसं चढतच गेली. सीट भरल्या, लोक दांड्याला धरून उभे राहिले. मग मोठा चढ आला. बस चढ चढून गेली, वर थांबा होता. दादांनी ती फुटपाथला अशी लावली की मधे हात मावला नसता. दार उघडलं. काही उतरले. दार उघडंच राहिलं.

मी बेल दिली. बस हलली नाही. दुसरी बेल द्यायला माझा हात उचलला गेला नाही, कारण वहिनी तोवर उठल्या होत्या. त्यांनी झटकन पुढे होऊन दादांच्या डोळ्यांत बघितलं, फिट तर नाही ना. दादा वरच्या आरशाकडे बघत होते. गालांवरून पाणी ओघळत होतं.

“मला काही झालेलं नाही,” ते म्हणाले. “बस. बस तू.”

वहिनी उभ्याच राहिल्या.

दादा आरशाकडेच बघत बोलायला लागले. “गाडी खच्चून भरली होती. भरलेली गाडी चढावर मागे ओढते. किती माणसं आहेत ते सीटमधून कंबरेला कळतं, बघावंही लागत नाही. आत्ता माणसं लटकली होती दांड्याला, आणि मला काही कळलं नाही.” ते थांबले. “आरसे नव्हते तोवर वाटायचं, एवढंच कमी आहे. एवढं आलं की झालं. सगळं आलं, ताई. तरी गाडी रिकामीच.”

मुलगी घाईने म्हणाली की बाबा, हलणाऱ्या खुर्च्या मिळतात, चढ-उतार जाणवणाऱ्या, मी चौकशी करते. दादांनी तिच्या हातावर हात ठेवला आणि नको म्हणून मान हलवली. मग त्यांनी वहिनींकडे तोंड केलं.

“डॉक्टर म्हणाले होते, आता गाडी चालवायची नाही.”

“हो,” वहिनी म्हणाल्या.

“आता म्हणजे?”

वहिनींच्या हातात पडद्याचं हुक होतं. ते त्यांनी दोनदा या हातातून त्या हातात घेतलं. “आता म्हणजे आतापासून,” त्या म्हणाल्या. “कायमचं.”

“तुला तेव्हाच कळलं होतं.”

“हो.”

“मग बोलली नाहीस.”

“तुम्ही शर्टाला इस्त्री करत होतात. कशी बोलू?”

दादांनी मान हलवली, कुणी पत्ता सांगितल्यावर हलवावी तशी. मग त्यांनी बसचं दार लावलं, हँडब्रेक ओढला, इंजिन बंद केलं. पायातले बूट काढून खुर्चीखाली जोडीने ठेवले आणि आतल्या खोलीत जाऊन भिंतीकडे तोंड करून पडले. आम्हाला बाहेर ऐकू येत होतं. आवाज मोठा नव्हता. पण त्या रडण्याला थांबे नव्हते.

मुलगी स्वयंपाकघरात ओट्याला टेकून उभी होती. मला म्हणाली, “मी ते आणायलाच नको होतं, आत्या.” उत्तर वहिनींनी दिलं. त्या म्हणाल्या, “आणलंस म्हणून मधले दिवस दोन घास जेवले ते.” आणि टेबलावरचा जुना पडदा झटकून घडी घालायला लागल्या.

दुसऱ्या दिवशी दादा डेपोच्या डॉक्टरांकडे गेले आणि आपला अर्ज परत मागून घेतला. डॉक्टरांनी कारण विचारलं तर म्हणाले, घाईत दिला होता. तिथून खिडकीत जाऊन बसले. मी चहा घेऊन गेले तेव्हा एका बाईला तिची छत्री शोधून देत होते, ही का ती का, अगदी शांतपणे. मला वाटलं होतं, माणूस उन्मळून पडेल. पडला नाही. नुसता कमी झाला. बोलायचे, विचारलं तर हसायचेही, पण पूर्वी गाडीचं काही निघालं की जे डोळे उजळायचे, ते उजळेनासे झाले. माझ्या नव्या ड्रायव्हरच्या तक्रारी मी सांगायचं सोडून दिलं.

कॉम्प्युटर तसाच टेबलावर होता. त्यांनी त्याला पुन्हा हात लावला नाही, आणि वहिनींनी आपली हद्द पुढे सरकवली नाही. कितीतरी आठवडे अर्ध्या टेबलावरच पडदे कापत होत्या. शेवटी दादांनीच मुलीला फोन केला. तिच्या कामात आता दात आधी पडद्यावर घडवतात, फिरवून फिरवून बघतात, आणि त्याला दमदार कार्ड लागतं, असं तिने कधीतरी सांगितलं होतं. ते म्हणाले, घेऊन जा, तुझ्या उपयोगाला येईल. ती नको नको म्हणत राहिली. दादा म्हणाले, चांगली वस्तू बसून गंजते.

ती न्यायला आली तेव्हा बांधाबांध त्यांनीच केली. पेटी उघडून कार्ड बाहेर काढलं. मुलगी म्हणाली, राहू दे ना आत, पुन्हा बसवायची कटकट. ते म्हणाले की लांबचा प्रवास आहे, रस्त्याला खड्डे आहेत, एवढं वजन आडवं लटकत राहिलं तर धक्क्याने जागेवरून निखळेल. कार्ड त्याच्या खोक्यात ठेवलं, खोक्याभोवती पडद्याचं कापड गुंडाळलं, आणि ते मुलीच्या हातात देऊन म्हणाले, हे मांडीवर ठेव, सामानात टाकू नकोस.

आम्ही तिघं तिला पोचवायला लांबच्या गाड्यांच्या स्थानकावर गेलो. पेटी खालच्या कप्प्यात ठेवली. मुलगी खिडकीशी बसली, खोकं मांडीवर. तिला रडू येत होतं आणि ती ते आईपासून लपवत होती, आणि आई तिच्यापासून. ड्रायव्हर तरुण होता. त्याने दोन्ही बाजूंना बघितलं आणि त्या गर्दीतून गाडी इतकी हळुवार बाहेर काढली की खिडकीवर टेकलेलं मुलीचं डोकंसुद्धा हललं नाही.

दादा बघत होते. गाडी फाटकातून वळून दिसेनाशी झाली.

“चांगला आहे मुलगा,” ते म्हणाले. “क्लच छान सोडतो.”

मग ते तिथल्या बाकावर बसले. वहिनी म्हणाल्या, चला. ते हो म्हणाले, पण उठले नाहीत. पुढची गाडी लागली, भरली, सुटली. वहिनी त्यांच्या एका बाजूला बसल्या आणि मी दुसऱ्या. आम्ही दोघींनी पुन्हा चला म्हटलं नाही.